मारबतीने नेलेला कागद आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि जळकुकडा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढासा लाकडी मुठीचा शिक्का, त्याला कसला आलाय मत्सर? पण ज्याच्या वाट्याला जन्मभर दुसरा नंबर आला, त्याने जळू नये तर काय करावे?

माझ्या तळव्यावर दोनच शब्द कोरलेले आहेत, 'दुय्यम प्रत'. कुणाचा मूळ कागद हरवला, भिजला किंवा उंदराने कुरतडला, की त्याची नक्कल निघते आणि त्या नकलेच्या कपाळी मी बसतो. म्हणजे माझ्याकडे येणारा माणूस आधीच काहीतरी गमावून आलेला असतो. हसत हसत माझ्याकडे आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

माझा जन्म वर्ध्याचा. स्टेशनाजवळच्या एका छोट्या दुकानात एकाच रबरातून आम्ही दोघे भाऊ कापले गेलो. दुसरा म्हणजे कंपनीचा गोल शिक्का. त्याच्यावर कंपनीचे नाव आले, मधोमध कापसाचे बोंड आले आणि मुठीला पितळी कडे आले. माझ्या मुठीला साधे पॉलिशसुद्धा झाले नाही. एका रबराची आम्ही लेकरे, पण एकाला तूपरोटी आणि एकाला कोरडी भाकर. तेव्हापासून जे पोटात दुखू लागले, ते आजपर्यंत थांबलेले नाही.

तिथून आम्ही हिंगणघाटला कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात आलो. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. हंगामात तिच्या टेबलांवर, पंख्यावर, अगदी माणसांच्या भुवयांवरसुद्धा कापसाचा कोंडा बसलेला असायचा. तिथे रूपरावजी नावाचे हेडक्लार्क होते. माणूस तापट, पण हाताचा मऊ. शाईचे पॅड वाळलेले असले की ते मला तोंडाजवळ धरत, 'हा' करून ऊन श्वास सोडत आणि मग कागदावर दाबत. तो श्वास मला फार आवडायचा. लोकांना मात्र ते चांगलेच फैलावर घेत. "कागद सांभाळाले येत नाई, मंग काय येते तुले?" असे म्हणायचे आणि नक्कल हातात ठेवायचे.

गोल शिक्का बोनसच्या कागदावर उमटायचा, बढतीच्या पत्रावर उमटायचा. दसऱ्याला टेबलाची पूजा झाली की त्याच्या डोक्यावर झेंडूचे फूल. माझ्या वाट्याला बोटाला उरलेले कुंकू. मी तेही लावून घ्यायचो आणि आतल्या आत धुमसायचो.

पुढे रूपरावजी निवृत्त झाले आणि दामिनीबाई आल्या. वयाने लहान, कामाला वाघीण. त्यांनी कॉम्प्युटरवर सगळा हिशेब नेला आणि एक नवीन पाहुणा आणला. बोटाच्या पेराएवढी एक चकचकीत कांडी होती ती. ती कॉम्प्युटरला खोचली, पासवर्ड घातला, की साहेबांची सही आपोआप कागदावर यायची. तिला डोंगल म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसलाच प्रकार. दामिनीबाईंनी तिच्यासाठी लोकरीची छोटी पिशवी विणली. संध्याकाळी ती त्यांच्या पर्समध्ये बसून घरी जायची आणि सकाळी परत यायची. मी इतकी वर्षे या ऑफिसात काढली, मला कोणी फाटकापर्यंतसुद्धा नेले नव्हते.

मला खालच्या खणात टाकले. तिथे संपलेले सेल होते, तुटके रबरबँड होते आणि कुणाच्या तरी चष्म्याची एकच काच होती. माझ्या अक्षरांत धूळ भरली. एकच समाधान होते की थोड्याच दिवसांत गोल शिक्कासुद्धा त्याच खणात आला. पितळी कड्यासकट. मी त्याला जागा करून दिली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मागच्या डिसेंबरातली आहे.

कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर लागली होती. अशात दुपारी एक म्हातारी ऑफिसात आली. हिरवे लुगडे, हातात कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी ती भिंतीशी खालीच बसली.

"मी भागीरथा," ती म्हणाली. "हिंगनीची. धनंजयची माय. तुमच्याकडे फिटर होता ना, तो."

धनंजयला सगळे ओळखत होते. मशिनीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. त्याचे असे झाले होते की मार्चमध्ये कंपनीने मागच्या पगारवाढीची थकबाकी सगळ्यांना एकदम दिली आणि त्याच्यावरचा आयकरही एकदम कापला. धनंजयचा तर हवा त्यापेक्षा बराच जास्त कापला गेला. तो जाऊन मॅनेजरशी भांडला. मॅनेजर म्हणाला, विवरणपत्र भर, सरकार परत देईल. धनंजय म्हणाला, चूक तुमची आणि खेटे मी घालू? शब्दाला शब्द लागला आणि त्याने नोकरीच सोडली. पुढे कंपनीने त्याचा फॉर्म सोळा टपालाने घरी पाठवला. पगार किती दिला आणि कर किती कापला, हे सांगणारा तो कागद. जास्त गेलेला कर परत मागायचा तर तोच हाती असावा लागतो.

"मंग तो फॉर्म त्याले भेटला नाई का?" दामिनीबाईंनी विचारले.

"भेटलता. देवाच्या फळीवर ठेवलता त्यानं. पेरन्या झाल्यावर पाहीन म्हने." म्हातारीने पिशवी जवळ ओढली. "मी फेकला."

"फेकला?"

"मारबतीले देल्ला."

खणाची फट थोडी उघडी होती, म्हणून मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते. तुम्हाला मारबत ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच घरातली पीडा गावाबाहेर काढतात. दाराशी ठेवलेली पळसाची फांदी घेतात, मोडका झाडू, फुटके सूप असे काहीबाही घेतात आणि पोरेबाळे ओरडत निघतात, इडा पिडा, खांसी खोकला घेऊन जाय गे मारबत. शिवेवर नेऊन सगळे टाकून देतात. मागे वळून पाहत नाहीत.

"आता तूच सांग बाई," भागीरथा म्हणाली. "तो कागद घरात आला अन् पोरगा हसाचा बंद झाला. रोज त्याच्याकडे पाहे अन् म्हने, यानं माह्या पगार कापला. मी म्हनलं, ज्या कागदानं पोराचा पगार खाल्ला, तो देवाजवळ काऊन ठेवाचा? तेच तर पीडा हाय घरची. मोडक्या झाडूले बांधला अन् देल्ला पोट्ट्यायजवळ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. जो कागद पैसे परत आणणार होता, त्यालाच म्हातारीने पीडा समजून हाकलले. दामिनीबाई हसू दाबत होत्या. मी मात्र खणात जळत होतो. कशासाठी? त्या मूळ कागदासाठी. अहो, मूळ कागदाचे भाग्य बघा. त्याला घराबाहेर काढले तेही वाजतगाजत, पळसाच्या फांदीबरोबर, साऱ्या आळीची पोरे मागे घेऊन. मला खणात टाकले तेव्हा दामिनीबाई फोनवर बोलत होत्या.

"पोळ्यापासून तो माह्यासंग बोलत नाई," भागीरथा म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला. "ताट वाढलं तर जेवते. पैसे पाहिजे का म्हनलं तर ठेवून देते. पन माय म्हनून हाक नाई मारत. विहिरीवरची मोटर जळली. त्या पैशावर नवी घेनार होता तो. हरभरा सुकून राह्यला. सून म्हने, साल संपाच्या आत अर्ज केला तर पैसे भेटतेत, नाई तं गेले. पन तो म्हनते, मी त्या जिनिंगच्या दारात पाय ठेवत नाई. म्हनून मी आली."

हिंगणीहून सेलू, सेलूहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, अशी ती एसटीच्या गाड्या बदलत आली होती. या वयात.

दामिनीबाई म्हणाल्या, "आजी, ज्याचा कागद त्यालेच देता येते. असा दुसऱ्या कोनाच्या हातात नाई देता येत. मी त्याच्या मेलवर पाठवून देते, मंग झालं ना?"

त्यांनी खटाखट बटणे दाबली. मला वाटले, संपले. आता कांडी आपली एक टिचकी मारणार, कागद हवेतून हिंगणीला जाणार आणि म्हातारी रिकाम्या हाताने परत जाणार. पण थोड्याच वेळात दामिनीबाईंच्या कपाळाला आठी पडली. धनंजयचा मेल कंपनीनेच उघडून दिलेला होता आणि नोकरी सुटताच कंपनीनेच तो बंद केला होता. चाचपून पाहायला पाठवलेला मेल तसाच परत आला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हातारीचे काम अडले होते आणि मी खुशीत होतो. मत्सर माणसाला काय करतो ते तुम्ही ऐकले असेल, शिक्क्यालाही तेच करतो.

"मेल नको मले," भागीरथा म्हणाली. "माह्या हातानं गेला, माह्या हातानंच त्याले देईन. तू हातात दे."

दामिनीबाईंनी फोन उचलला आणि धनंजयला लावला. तो आता वर्ध्याला गाड्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. म्हातारीलाही ऐकू यावे म्हणून त्यांनी आवाज मोठा केला.

"धनंजयभाऊ, मी जिनिंगच्या ऑफिसातून दामिनी बोलून राह्यली."

"काम बोला."

"तुमच्या फॉर्म सोळाची दुसरी प्रत पाहिजे ना तुमाले?"

"मले त्या जिनिंगचं काईच नाई पाहिजे."

"तुमाले नसन पाहिजे. पन तुमची आई इथं येऊन बसली आहे."

 फोनमागे दुकानात कुणीतरी हातोडीने ठोकत होते.

"कोनासंग आली?" त्याने विचारले.

"एकट्याच आल्या."

मागची हातोडी थांबली. मग तो म्हणाला, "जेवली का थे?"

भागीरथाने मान वर केली. "माह्याबद्दल पुसून राह्यला?"

दामिनीबाईंनी मान हलवली आणि फोन तिच्यापुढे धरला. "तुमीच सांगा ना आजी."

म्हातारीने फोन हाताने मागे सारला. "नको. तो तुह्यासंग बोलला, माह्यासंग नाई. सांग त्याले, भाकर बांधून आनली म्हना."

दामिनीबाईंनी निरोप दिला. धनंजय म्हणाला, "अर्ज लिहून फोटो पाठवतो. कागद आईजवळ द्या." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने अर्जाचा फोटो आला. साध्या वहीच्या पानावर, मोठ्या तिरप्या अक्षरात, खाली सही. दामिनीबाईंनी पर्समधून लोकरीची पिशवी काढली, पिशवीतून कांडी काढली आणि कॉम्प्युटरला खोचली. कागद बाहेर आला. पांढराशुभ्र, सही-तारखेसकट, जणू आजच पहिल्यांदा निघाला.

तेव्हा मला खरे दुःख कळले. आजवर मला वाटत होते की कांडीने माझी जागा घेतली. जागा घेतली असती तरी चालले असते. पण तिच्या राज्यात दुय्यम प्रत नावाची गोष्टच नव्हती. कितीही वेळा काढा, दर वेळी पहिलीच. तिथे कुणाचे काही हरवतच नाही, मग माझे काय काम? मी आयुष्यभर दुसऱ्या नंबरावर जळलो आणि आता तर तो दुसरा नंबरही उरला नव्हता.

भागीरथाने कागद दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"याच्यावर ठप्पा नाई," ती म्हणाली.

"आता ठप्पा लागत नाई आजी. ही सही आहे ना, कॉम्प्युटरची. हेच चालते सगळीकडे."

"चालत असन. पन हा दिसाले पह्यलाच वाटते."

"मंग चांगलं ना."

"नाई चांगलं." म्हातारीने कागद टेबलावर ठेवला. "पह्यला मी फेकला. हे काई खोटं नाई. असा कोराकरीत कागद नेऊन देल्ला तर काई झालंच नाई असं वाटन. चार महिने पोरगा बोलला नाई, ते काई उगाच नाई. तो दुसरा हाय, असं लिही त्याच्यावर. मी चुकली, ते राहू दे कागदावर."

 दामिनीबाईंनी खालचा खण ओढला. उजेड आत आला. त्यांनी आधी उचलले ते गोल शिक्क्याला, नशीबच तसले. बघून बाजूला ठेवले. मग मला उचलले. साडीच्या पदराने माझी अक्षरे पुसली, दाताची घाण टूथपिकने काढावी तशी टाचणीने धूळ काढली. शाईचे पॅड वाळून खापर झाले होते. त्यावर त्यांनी बाटलीतले पाणी शिंपडले आणि मला तोंडाजवळ धरून श्वास सोडला. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मी उमटलो. फिकट जांभळा, एका बाजूने जरा कमी. पण दोन्ही शब्द वाचता येत होते.

"काय लिहिलं?" भागीरथाने विचारले.

"दुय्यम प्रत. म्हंजे दुसरी."

"पन काम पह्यल्यावानीच करन ना?"

"तेवढंच करन. काई कमी नाई."

म्हातारीने त्या जांभळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती, अंगठ्याला लागली. तिने तो पुसला नाही. मित्रांनो, रूपरावजींच्या काळातही मला इतके सुख झाले नव्हते. मी कांडीकडे बघितले. ती आपली कॉम्प्युटरला चिकटून लुकलुकत होती. तिला काय कळणार म्हणा.

वारा सुटला होता आणि खिडकीचे दार आपटत होते. दामिनीबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि मला त्या दाराच्या फटीत खोचून ठेवले. थोड्या वेळापूर्वी जो मी एवढा मोठा झालो होतो, तो आता खिडकीची पाचर झालो. रागाने लाल झालो असतो, पण अंगावर जांभळी शाई होती. तिथून एक बरे होते, फाटक दिसत होते.

भागीरथाने बांधून आणलेली भाकर तिथेच बसून खाल्ली आणि ऊन उतरल्यावर ती गाडीला निघाली. ती अंगणातून फाटकाकडे चालू लागली तेव्हा बाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली होती. धनंजय. वर्ध्याहून थेट आला होता. आत मात्र आला नाही. फाटकाच्या लोखंडी रुळापलीकडे गाडी उभी करून तिच्याशेजारी उभा राहिला. मानी माणूस. जिनिंगच्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही.

म्हातारी त्याला बघून जागीच थबकली. मग हळूहळू पुढे गेली आणि दोन्ही हातांनी कागद त्याच्यापुढे धरला. मला वाटले, आता तो बघेल. माझी अक्षरे वाचेल. आईची चूक आणि माझे नाव, दोन्ही एका ओळीत. मी खिडकीत अगदी जीव एकवटून बसलो.

त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. घडी करून खिशात घातला. गळ्यातला दुपट्टा काढला आणि तिच्या डोक्याला, कानांवरून घट्ट बांधला. त्याचे ओठ हलले. मशिनींच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत, पण दुपट्टा बांधताना म्हातारी वळली होती आणि तिचा चेहरा इकडेच होता. तो चेहरा पाहून दामिनीबाई खिडकीशी म्हणाल्या, "बोलला बाई एकदाचा." मग ती त्याच्या खांद्याला धरून मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी निघून गेली.

तेव्हा मला जी जळजळ झाली, तशी गोल शिक्क्याला पाहून झाली नव्हती आणि कांडीला पाहूनही झाली नव्हती. मी त्या म्हातारीवर जळलो. कारण इतका राग असूनही तिला न्यायला कोणीतरी आले होते. तो कागदासाठी आला नव्हता, विहिरीच्या मोटरसाठी आला नव्हता. ती थंडीची एकटी आली आहे, एवढे कळले आणि हातातले काम टाकून निघाला. माझ्यासाठी असा कोणी निघेल का? मी खिडकीत बसून बराच वेळ त्या रिकाम्या फाटकाकडे बघत होतो.

पुढे त्याला पैसे परत मिळाले की नाही, मोटर बसली की नाही, मला ठाऊक नाही. शिक्क्यांना कोणी अशा गोष्टी सांगत नाही. मी अजून त्या खिडकीतच आहे. एका अर्थी खणापेक्षा हे बरे, वारा तरी लागतो.

मित्रांनो, तुमचे कागद जपा, एवढे तर कोणताही शिक्का सांगेल. घरच्या म्हाताऱ्या माणसांना तो कागद कशाचा आहे तेही नीट सांगा, म्हणजे मारबतीला जाणार नाही. आणि तरीही हरवला तर लाजू नका, हिंगणघाटला या. मी जळका असलो तरी कामाला खरा आहे, तुम्हाला दुसरी प्रत मिळेल. पण घरातल्या कुणाशी अबोला धरला असेल तर तो आजच सोडा. भागीरथाचे ते चार महिने परत मागायला आमच्याकडे कुठलाच अर्ज चालत नाही. मी तिच्या कागदावर उमटलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, पण तिला हवे होते ते नंतर फाटकाबाहेर येऊन उभे राहिले.